खापरी, वज्री आणि तळपाय

श्रावस्तीच्या जेतवनात एके दिवशी विशाखा मिगारमाता तीन वस्तू घेऊन आली : एक लहान घडा, एक केरसुणी आणि एक ‘कतक’. या वस्तू बुद्धाने स्वीकाराव्यात, त्यात आपले दीर्घकाळ कल्याण आहे, अशी तिची विनंती होती. बुद्धाने घडा घेतला, केरसुणी घेतली. कतक घेतले नाही. नंतर भिक्षूंना एकत्र करून सांगितले, की घडा आणि केरसुणी वापरायला परवानगी आहे. कतक वापरायचे नाही, वापरील त्याला दोष लागेल. पाय घासायला हव्यात तर तीन गोष्टी चालतील : खडा, खापरी आणि समुद्रफेस.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात हा प्रसंग आहे. मूळ पालीत तो मोजक्या ओळींत आटोपतो, आणि संघभेद, संगीती असल्या मोठ्या घटनांच्या शोधात असलेला वाचक तो सहज ओलांडून जातो. मी गेली काही वर्षे ‘वज्री’ या वस्तूच्या मागावर आहे, म्हणून मी तिथे थांबलो. कारण विशाखेने आणलेले कतक म्हणजे दुसरेतिसरे काही नसून तळपाय घासण्याचे हातातले साधन होते. आपल्या आज्या-पणज्यांच्या न्हाणीघरात घंगाळाशेजारी पडलेली असायची, त्या वज्रीचे हे फार जुने भावंड.

वज्री पाहिलेली नाही अशी पिढी आता मोठी झाली आहे, म्हणून थोडे वर्णन करतो. मुठीत मावेल एवढी वस्तू. वरचा भाग धरायला सोयीचा. खालचा सपाट, आडव्याउभ्या रेघांनी किंवा बारीक टोकांनी खरखरीत केलेला. गरम पाण्याने पाय भिजले, की टाचेवरची मेलेली कातडी आणि तिच्यात रुतलेली माती तिने घासून काढायची. गरिबाघरी हेच काम भट्टीत जास्त भाजून वितळलेल्या, जाळीदार झालेल्या विटेचा तुकडा करायचा. हिंदी मुलुखात त्याला झांवा म्हणतात. मधल्या घरात मातीची, थोड्या बऱ्या घरात दगडाची आणि श्रीमंताकडे पितळेची. (मुंबईत कुठे वज्री मागितली तर खाटकाच्या दुकानाकडे बोट दाखवले जाण्याचा संभव आहे. तिथली वजडी वेगळी, जरी तिचाही पृष्ठभाग खरखरीतच असतो.)

कतक कसे दिसत असेल? पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाच्या नावे असलेल्या अट्ठकथेत त्याचे वर्णन आले आहे. कमळाच्या मधल्या बीजकोशाच्या आकाराचे, अंगावर काटे उठवलेले, गोल किंवा चौकोनी. निषेधाचे कारणही तिथे दिले आहे : ही वस्तू चैनीकडे नेणारी आहे. म्हणजे आक्षेप पाय स्वच्छ करण्याला मुळीच नव्हता. तसा असता तर पर्याय दिलेच नसते. आक्षेप होता तो केवळ पाय घासण्यासाठी कुणीतरी घडवलेल्या, कमळाचे रूप दिलेल्या वस्तूला. खापरी कुणी घडवत नाही. मडके फुटते आणि खापरी मिळते. खडा वाटेवर असतो. समुद्रफेस म्हणजे कुणी माकुळाच्या पाठीतले पांढरे हाड समजतात, कुणी पाण्यावर तरंगणारा ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. काहीही धरले तरी लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेली वस्तू. तिन्हींना किंमत नाही, कारागीर नाही आणि चोरून नेण्याजोगे काही नाही.

भिक्षूंच्या पायांचा विचार विनयात इतका का यावा, असा प्रश्न पडेल. उत्तर सोपे आहे : तो चालणाऱ्यांचा संघ होता. महावग्गात चंपेच्या सोण कोळीविस या श्रेष्ठिपुत्राची गोष्ट आहे. तो इतका सुकुमार, की तळपायांवर केस उगवलेले. प्रव्रज्या घेतल्यावर चंक्रमण करता करता त्याचे पाय फुटले आणि ती वाट खाटिकखान्यासारखी रक्ताने भरली. बुद्धाने त्याला एकेरी तळव्याच्या वहाणा वापरायला सांगितले. सोण म्हणाला, मला एकट्याला नको. तेव्हा ती सवलत सगळ्या संघाला मिळाली.

त्याच खंधकात पुढे आपल्या बाजूचा मुलूख येतो. अवंती-दक्षिणापथातून सोण कुटिकण्ण हा भिक्षू महाकात्यायनाचे निरोप घेऊन बुद्धाकडे जातो. त्यांतला एक निरोप असा, की आमच्याकडची जमीन वरून काळी आहे, कठीण आहे, गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे. तरी तिथे अनेक पदरी तळव्यांच्या वहाणांना परवानगी असावी. ती मिळाली, तीही सगळ्या सीमावर्ती प्रदेशांसाठी. मार्च-एप्रिलमध्ये माळव्यात किंवा मराठवाड्यात काळ्या रानातून अनवाणी चाललेल्या माणसाला या निरोपावर भाष्याची गरज नाही. पावसाळ्यात चिखलात उमटलेले खुरांचे ठसे उन्हाळ्यात वाळून त्यांच्या कडा दगडासारख्या होतात. या मातीची तक्रार लेखी स्वरूपात इतक्या जुन्या काळी झाली होती, हे वाचून मला हसू आले आणि बरेही वाटले.

वहाणा आल्या म्हणजे त्यांचे तळवे साफ करणे आले. चुल्लवग्गात पाहुण्या भिक्षूने विहारात कसे शिरावे याचे नियम आहेत. आवाराशी आल्यावर वहाणा काढायच्या, खाली धरून झटकायच्या, हातात घ्यायच्या, छत्री मिटायची, डोके उघडे करायचे आणि मग सावकाश आत जायचे. पाय धुवायचे ते एका हाताने पाणी ओतून आणि दुसऱ्या हाताने चोळून. ज्या हाताने पाणी ओतायचे त्याच हाताने पाय चोळायचे नाहीत. वहाणा पुसायचे फडके मागून घ्यायचे; आधी कोरड्या फडक्याने पुसायच्या, मग ओल्या. आणि ते फडके धुऊन बाजूला ठेवायचे. हा शेवटचा नियम मला सगळ्यांत आवडतो. ज्याने आपल्या वहाणेची घाण पुसली, त्यानेच फडके धुवायचे. धर्मानंद कोसंबींनी ‘बौद्धसंघाचा परिचय’ लिहून मराठी वाचकांना या जगाची ओळख करून दिली, पण विनयातले हे हातापायांचे बारीक नियम आपल्याकडे फारसे चर्चेत आले नाहीत.

आता वैद्यकाकडे वळतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या यादीत तळपायाचे तीन विकार लागतात. ‘पाददारी’ म्हणजे टाचांना आणि तळव्यांना पडणाऱ्या दुखऱ्या भेगा, ज्यांना आपण जळवात म्हणतो. ‘अलस’ म्हणजे बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या. कारण, दूषित चिखलाचा संपर्क. ‘कदर’ म्हणजे कुरूप, खडा किंवा काटा लागून होणारे. पाददारीचे कारण सुश्रुताने फार नेमके सांगितले आहे : ज्याला सतत चालावे लागते त्याच्या अतिशय रुक्ष झालेल्या पायांत वायू भेगा पाडतो. वायूचे सोडून द्या, रुक्षतेबद्दल आजचा त्वचारोगतज्ज्ञही तेच सांगेल. तळपायाची कातडी शरीरात सर्वांत जाड असते आणि तिच्यात तेलाच्या ग्रंथी नसतात. घाम येतो, पण स्निग्धता येत नाही. चालण्याच्या दाबाने ती आणखी जाड होते, सुकते आणि वाकण्याऐवजी फुटते.

म्हणजे हा चालणाऱ्यांचा, चिखलात उभे राहणाऱ्यांचा आजार आहे. वज्रीची खरी गरज हमालाला, पाणी वाहणारीला, भाताची लावणी करणारीला. मेण्यातून जाणाराला नाही. इथे माझ्या शोधातली अडचण सुरू होते.

उत्खननांच्या अहवालांत तळपाय घासण्याची साधने भरपूर सापडतात. इंग्रज पुरातत्त्वज्ञांनी त्यांना ‘फ्लेश-रबर’ म्हटले, पुढे ‘स्किन-रबर’ हा शब्द रुळला. जॉन मार्शल यांनी १९१३ ते १९३४ या काळात तक्षशिला खणली. १९५१ साली निघालेल्या त्यांच्या तीन खंडी अहवालात या भाजक्या मातीच्या वस्तूंना जागा मिळाली आहे. उत्तरेतल्या प्रारंभिक ऐतिहासिक काळातल्या नगरांत आणि आपल्याकडच्या सातवाहनकालीन वस्त्यांतही त्या मिळतात. त्यांच्या अंगावर ओल्या मातीतच रेघा ओढलेल्या किंवा टोचे मारलेले असतात, काही नक्षीदारही असतात. भाजलेल्या असल्यामुळे त्या टिकल्या, आणि मुद्दाम घडवलेल्या असल्यामुळे ओळखू आल्या. अहवालात त्यांना क्रमांक मिळतो, रेखाचित्र मिळते.

खापरीला क्रमांक मिळत नाही. विनयाने मान्य केलेली, आणि संघाबाहेरही बहुसंख्यांच्या हातात असणार ती वस्तू उत्खननात सापडते तेव्हा ती फक्त खापरी असते. एका हंगामात खापरे हजारोंनी निघतात. काठ, बूड, नक्षी असलेली निवडली जातात आणि अंगाची साधी खापरे मोजून, वजन करून बाजूला पडतात. खडा तर खडाच. म्हणजे बुद्धाने नाकारलेल्या कतकाची भावंडे आपल्याला संग्रहालयात दिसतात. त्याने मान्य केलेली तिन्ही साधने पुराव्यातून जवळजवळ गळून जातात. वज्रीचा म्हणून जो इतिहास आपण सांगतो तो घडवलेल्या वज्रीचा इतिहास असतो, आणि घडवलेली वज्री ज्यांना परवडत होती त्यांच्या टाचांना भेगा बहुधा कमीच असत. हे अनुमान आहे, पण याहून वेगळा अर्थ लावायला मला वाट सापडत नाही.

पितळी वज्रीपाशी आले की हे अंतर डोळ्यांत भरते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वज्रींचा सुरेख संग्रह आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ, यांनी १९२०च्या सुमारास अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती अशा रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली, आणि १९७५ साली सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा बायकांच्या हातातल्या वस्तूंना त्यांनी मान दिला, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पितळी वज्रींवर मोर असतात, पोपट असतात, हत्ती असतात. कधी दोन पक्षी चोचीला चोच लावून बसलेले, त्यांच्या माना हीच मूठ. काहींच्या पोकळ पोटात बारीक गोळ्या असतात. मेणाचा नमुना करून, त्यावर माती लिंपून, मेण वितळवून ओतकाम करण्याची जी जुनी पद्धत, तिच्यात आतल्या मातीच्या गाभ्यात गोळ्या ठेवता येतात. ओतकामानंतर गाभा फोडून काढला की गोळ्या आत मोकळ्या राहतात. टाच घासताना वज्री पैंजणासारखी वाजते. कोणाच्या टाचा आणि कोणाच्या हातांनी, हा प्रश्न तो नाद ऐकताना मनात येतोच. मोठ्या वाड्यात आपली टाच आपणच घासायची असा नियम नव्हता.

केळकरांनी उचलल्या तेवढ्या वाचल्या. बाकीच्या बहुतेक मोडीत गेल्या. स्टेनलेस स्टील आले, घंगाळे गेली, न्हाणीची बाथरूम झाली आणि वज्री तांब्यापितळेच्या भावाने वजनावर विकली गेली. बोहरी आळीत मी एकदा वज्री मागितली, तेव्हा तरुण दुकानदाराने ‘अँटिक का?’ म्हणून विचारले आणि जी दाखवली ती नवी, मुद्दाम काळपट केलेली होती. किंमत ऐकून मी नमस्कार केला.

आता बुटांविषयी. युरोपातल्या शहरांत तळपायाचे हे सगळे काम बुटाच्या तळव्याकडे गेलेले दिसते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पॅरिस, ब्रुसेल्स, लंडन या शहरांचे रस्ते चिखलाने आणि घोड्यांच्या लिदीने माखलेले असत, म्हणून घराच्या दाराशी भिंतीत किंवा पायरीवर लोखंडी पट्टी बसवत. बुटाचा तळ तिच्यावर खरवडायचा आणि बुटासकट आत जायचे. ब्रुसेल्सच्या जुन्या घरांच्या भिंतींत अशा पट्ट्या अजून पुष्कळ दिसतात. ज्यांना घाई असे त्यांच्यासाठी पॅरिसच्या पाँ नफ पुलावर बूट साफ करणारी माणसे बसत. आपल्याकडे दाराशी पट्टी नव्हती, कारण पादत्राण उंबऱ्याच्या आत येतच नसे. उंबऱ्यापर्यंत घाण आणतो तो पायाचाच तळ. म्हणून पट्टीच्या जागी पाण्याचा तांब्या. मुंबईतल्या पायधुणीचे नावही असेच पडल्याचे सांगतात : वरळीची खिंड बांधून काढण्याआधी भरतीचे पाणी तिथवर येई, आणि पलीकडून चालत येणारे लोक मुंबई बेटावर पाऊल ठेवण्याआधी त्या ओहोळात पाय धूत. एका शहराचा उंबरा, असेच म्हणायला हवे.

या दोन रीती समोरासमोर आल्या तेव्हा वाद झालाच. एतद्देशीयाने साहेबासमोर जोडे काढून यावे असा कंपनी सरकारचा आग्रह होता. १८५४ साली कलकत्त्याला सरकारने ठरवले, की विलायती धर्तीचे बूट-मोजे घालणाऱ्या सभ्य गृहस्थांनी सरकारी प्रसंगी ते पायात ठेवून यायला हरकत नाही. देशी जोडा मात्र बाहेरच. दोन्हींच्या तळव्यांना माती एकाच रस्त्याची लागलेली होती.

आणि त्याआधी पुण्यात काय होते, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये १९३६ साली लिहून ठेवले आहे. पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्य माणसाला कमरेला झाडू बांधावा लागे, आपल्या पावलांची धूळ मागच्या मागे झाडली जावी म्हणून. त्या धुळीवर सवर्णाचा पाय पडला तर तो बाटेल. विशाखेच्या तीन वस्तूंतली केरसुणी इथे पुन्हा भेटते. जेतवनात भिक्षूने आपल्या वहाणेची धूळ आपल्या हाताने झटकायची होती, ती दुसऱ्याच्या आवारात आपली माती जाऊ नये म्हणून. पुण्यात एका माणसाचा तळपाय हीच घाण ठरवली गेली, आणि ती कुठल्याही वज्रीने निघणार नव्हती. एकच साधन, पण त्यामागचा विचार बदलला की ते किती भयंकर होते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा सहा दिवसांत सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत पोहोचला. वनजमिनीचे पट्टे मागणारे कितीतरी आदिवासी त्यात होते. शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतूनच संपवला, दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना त्रास नको म्हणून. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून सर्वांत जास्त फिरली ती तळपायांची छायाचित्रे : सालटे निघालेली, फोड फुटलेले, भेगांत डांबराची काळी धूळ बसलेली. मुंबईकरांनी रस्त्यावर येऊन चपला वाटल्या. सुश्रुताची व्याख्या मला त्या फोटोंखाली छापून ठेवावीशी वाटली. भारतात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तळपाय येण्याचे प्रसंग फार थोडे, आणि तेही चालणाऱ्यांनी शहरात येऊन दाखवले तेव्हाच.

खापरीचे काय, हा प्रश्न मी सोडलेला नाही. मागच्या हिवाळ्यात एका उत्खननाच्या छावणीत दोन दिवस राहायला मिळाले. खापरांच्या अंगणात धुऊन वाळत घातलेल्या, नक्षी नसलेल्या, टाकून देण्याच्या ढिगाजवळ मी बसलो आणि एकेक खापर उन्हात तिरके धरून पाहू लागलो. मला हवी होती अशी खापरी, जिची एकच कड किंवा एकच बाजू झिजून गुळगुळीत झाली आहे आणि बाकीचे भंग धारदार राहिले आहेत. पाण्याने किंवा मातीत लोळून झिजलेली खापरी सगळीकडून सारखी झिजते. अर्थात अशी खापरी कुंभारानेही मडके घोटायला वापरलेली असू शकते, मुलांनी खेळायलाही. झिजेच्या रेघा भिंगाखाली पाहिल्या, घासण्याची दिशा कळली, तर काही सांगता येईल. छावणीच्या प्रमुख बाई आधी हसल्या, मग त्यांनीच एका विद्यार्थिनीला माझ्या मदतीला दिले. संध्याकाळपर्यंत आमच्याकडे तीन खापऱ्या निघाल्या. तिने नोंदवही उघडली. काठ, बूड, मान, तोटी, नक्षी असे रकाने होते, झिजेचा नव्हता. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, पट्टी घेतली आणि उजवीकडे आणखी एक उभी रेघ ओढली.